अक्काच्या वाट्याचं दूध

फ्रिजच्या दारात अंड्यांसाठी खळग्यांचा एक कप्पा असतो. आमच्या घरी त्यात कधी अंडी आली नाहीत. आधी तिथं लिंबं असायची. अक्काच्या शेवटच्या दोन वर्षांत तिथं औषधाच्या काचेच्या कुप्या आल्या. एकेका खळग्यात एकेक, करंगळीएवढी, आत लालभडक औषध. अक्का त्याला डाळिंबाचं सरबत म्हणायची. अजून तीन कुप्या तिथंच आहेत. त्या ठेवून काही उपयोग नाही हे मला कळतं. काढायला हात होत नाही, इतकंच.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आमचं गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, जिथं बोलता बोलता माणसं कन्नडमध्ये शिरतात आणि परत येतात. तिकडं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. मी साठीला आलो, कॉलेजच्या ग्रंथालयात डोक्याचे केस गेले, तरी अक्काच्या तोंडी मी तम्माच होतो. बोलायचीही ती तिकडच्या बायकांसारखीच, मी जातो, मी करतो असं. माझं लग्न झालं नाही. तिचं झालं होतं, मूलबाळ नव्हतं, आणि दाजी लवकर गेले. मी पंचेचाळिशीत असताना मला कावीळ झाली आणि उलटली. तेव्हा ती मला सांभाळायला म्हणून कोल्हापूरला आली. मी बरा झालो आणि ती राहिली. राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं चौदा-पंधरा वर्षं एकत्र होतो.

एकत्र, हा शब्द मी आता जरा जपून वापरतो.

अक्का सूर्यास्तानंतर काही खात नसे. आमच्या लोकांत हे नवं नाही. आई-आप्पाही तसेच होते, मीच काय तो कॉलेजच्या दिवसांत सैल झालो. ग्रंथालय बंद करून मी घरी यायचो साडेसातला. तोवर अक्काचं जेवण दोन तासांपूर्वी आटोपून भांडी पालथी घातलेली असायची. माझं ताट झाकून ठेवलेलं असे. मी जेवायचो, ती समोर बसून गल्लीतल्या बातम्या सांगायची. सकाळी ती पाचला उठून, अंघोळ करून मंदिरात जाऊन यायची. मी उठेपर्यंत तिचा चहा झालेला असे. मला ती दुधाची कॉफी करून द्यायची, वर सायीचा तुकडा टाकून. रविवारी दुपारी मी घरी असे, तर ती आधी मला वाढायची आणि मग मी वर्तमानपत्र घेऊन आत गेलो की स्वयंपाकघरात बसून जेवायची. म्हणजे इतक्या वर्षांत तिच्या ताटात काय असतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. न पाहण्याची सवय इतकी होती की आपण पाहिलं नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

माझ्या डोक्यातली अक्का लहानपणची होती. घरात म्हैस होती तेव्हाची. दुधाच्या पातेल्याच्या कडेला जमलेली साय बोटानं निपटून खाणारी, आईचा धपाटा बसला तरी हसणारी. शेजारपाजारचे तिला मांजरी म्हणायचे.

पहिल्यांदा बदल दिसला तो तिच्या रंगात. अक्का गव्हाळ होती. ती हळूहळू फिकट आणि किंचित पिवळसर दिसायला लागली. जिने चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागली.

"अक्का, तू पांढरी पडायलीस," मी म्हणालो.

"वय झालं की. आता काय गुलाबी दिसू?"

मग जिभेची तक्रार सुरू झाली. हिरव्या मिरचीचा खर्डा भाकरीवर लोण्यासारखा पसरून खाणारी बाई, तिला आमटी तिखट लागायला लागली. जीभ लाल आणि गुळगुळीत झाली होती. आरशात बघून तीच म्हणाली, "बघ, फरशी पुसल्यागत झालीया." मला हसू आलं. तेव्हा हसलो, हे आता आठवतं.

मी तिला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरांकडं नेलं. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सातच्या आसपास आलं. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाले, तांबड्या पेशी कमी आहेत आणि आकारानं जरा मोठ्या दिसतात, म्हणजे नुसतं लोह कमी नसावं, एखादं जीवनसत्त्वही कमी असेल. मग त्यांनी विचारलं, "शाकाहारी?"

"हो. जैन," मी म्हणालो.

"दूध-दही घेतात?"

प्रश्न अक्काला होता. उत्तर मी दिलं. "भरपूर. रोज एक लिटर म्हशीचं दूध घेतो आम्ही. कोल्हापुरात राहून दुधाला काय तोटा?"

डॉक्टरही हसले. खरंच होतं ते. या गावात लोक संध्याकाळी चौकात जाऊन समोर पिळलेलं धारोष्ण दूध पितात आणि पांढऱ्या मिशा पुसत घरी येतात. मी अक्काकडं पाहिलं, तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

डॉक्टरांनी लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या आणि महिन्यानं या, बी-ट्वेल्व्हची तपासणी करून बघू, असं सांगितलं. महिन्यानं मी नेलं नाही. कारण दोन महिन्यांनी मीच परस्पर लॅबमध्ये हिमोग्लोबिन करून आणलं आणि ते दहाच्या वर गेलं होतं. अक्काचा रंग जरा सुधारला होता. मी पेढे आणले. ती म्हणाली, "तू खा." मी खाल्ले. पुस्तकाच्या तळटीपासुद्धा वाचणारा माणूस मी, त्या कागदावर पेशींच्या आकाराच्या आकड्यापुढं छोटा बाण होता, तो मी वाचला नाही. मला जो आकडा हवा होता तो मिळाला होता.

गोळ्या चालू राहिल्या. रक्त चांगलं होतं. आणि त्याच वर्षात अक्काचे पाय जायला लागले.

आधी तळव्यांना मुंग्या यायच्या. मग ती म्हणायला लागली की जमीन मऊ लागते, गादीवर चालल्यागत. एकदा भाजी घेऊन आली तेव्हा एका पायात चप्पल होती, एक पाय अनवाणी. जिन्यात शेजारच्या मुलीनं दाखवलं तेव्हा तिला कळलं. आम्ही दोघं त्यावर खूप हसलो, आणि चप्पल शोधायला मी परत बाजारापर्यंत गेलो. भाजीवालीनं ती उचलून ठेवली होती. "पावणं, तुमच्या आक्काचं ध्यान कुठं हाय?" असं तिनं विचारलं. अक्का विसराळूही झाली होती आणि चिडकीही. मीठ दोनदा घालायची. मी याला वय हे नाव दिलं. नाव दिलं की माणूस शोध थांबवतो. ग्रंथालयात आम्ही पुस्तकाला वर्गांक देऊन फडताळात ठेवतो, तसं.

अक्काचं एक रोजचं सुख होतं. सकाळी मंदिरात मूर्तीसमोर उभं राहून, डोळे मिटून, नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणायचा. एकेकाला तीन, असे सत्तावीस श्वास. बसून नव्हे, टेकून नव्हे, उभं राहून. म्हणायची, तेवढ्या वेळात मला कुणाचं काही देणंघेणं नसतं. दाजी गेले त्या वर्षीसुद्धा तिनं ते चुकवलं नव्हतं.

एका सकाळी मंदिरातून फोन आला. अक्का डोळे मिटून उभी होती आणि झाड कोसळावं तशी शेजारच्या बाईच्या अंगावर गेली. लागलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशी ती मंदिरात गेली, पण डोळे उघडे ठेवून उभी राहिली. घरी आली आणि मला म्हणाली, "तम्मा, डोळं मिटलं की मी कुठं हाय ते मला कळंना झालंय." तिच्या आवाजात मला पहिल्यांदा भीती ऐकू आली. ती भीती पडण्याची नव्हती. ते सत्तावीस श्वास जातील, याची होती.

मी म्हणालो, रक्त कमी झालं असेल, चक्कर येत असेल. पण रक्त तपासलं तर कमी नव्हतं. मग मात्र मी घाबरलो आणि तिला आमच्याच भागातल्या एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेलो.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, आवाज खणखणीत. त्यांनी आधी अक्काला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. अक्का मिटेना. "मावशी, मी धरलंय." मग मिटले, आणि ती लगेच त्यांच्या हातात कलली. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक नादकाटा काढला. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा, दोन दातांचा, पोलादी. आपल्या तळहातावर आपटून तो त्यांनी अक्काच्या मनगटाच्या हाडावर टेकवला.

"थरथर कळतीय?"

"झिणझिणतंय की."

मग पुन्हा आपटून घोट्यावर टेकवला. अक्का थोडा वेळ वाट बघत बसली. "लाव की आता," ती म्हणाली.

"लावलाय मावशी."

"मग बंद पडला असंल तुझा."

डॉक्टरीणबाईंनी तो काटा तसाच उचलून माझ्या घोट्यावर ठेवला. तो वाजत होता. हाडातून वर गुडघ्यापर्यंत मला तो वाजताना कळत होता.

त्यांनी बरेच प्रश्न विचारले. पोटाचं ऑपरेशन झालंय का, ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू आहेत का, साखरेचा आजार आहे का. आणि मग तोच प्रश्न आला, खाण्यात दूध किती. मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा बाहेर बसता का? आम्ही दोघी बोलतो."

बाहेर बाकावर मी दहा मिनिटं बसलो असेन. समोरच्या रस्त्यावर रिक्षा, क्लास सुटलेली पोरं, सगळं नेहमीचं चाललं होतं. आत बोलावलं तेव्हा अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"मावशी गेली बारा-तेरा वर्षं दुधाचा थेंब घेत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दही नाही, ताक नाही, तूप नाही, पेढासुद्धा नाही. नियम आहे त्यांचा. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी मूर्खासारखा म्हणालो, "पण घरात रोज लिटरभर दूध येतं."

"ते कोण पितं?"

कॉफी मी पितो. दही माझ्या ताटात असतं. निजताना हळद घातलेलं दूध माझ्या उशाशी असतं. अक्काचा चहा कोरा असतो, आणि ती म्हणायची की तिला तसाच आवडतो.

डॉक्टरीणबाईंनी मला ओरडा दिला नाही. कागदावर चित्र काढून समजावलं. बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व भाज्यांत, धान्यांत नसतं. मांसमच्छी, अंडी न खाणाऱ्याला ते मिळतं दूध-दह्यातूनच. शरीरात साठा असतो, तो काही वर्षं पुरतो, मग संपतो. रक्त तयार करायला ते लागतं आणि नसांवरचं आवरण टिकवायलाही लागतं. फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्ताची बाजू सावरली. म्हणून सगळ्यांना वाटलं, दुखणं गेलं. नसांची बाजू आतल्या आत वाळत राहिली. पेशी मोठ्या दिसल्या तेव्हाच बी-ट्वेल्व्ह तपासलं असतं, तर वर्ष वाचलं असतं.

वर्ष. ते माझ्या एका वाक्यात गेलं होतं, आणि मी चुकवलेल्या एका तपासणीत. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. जिथं किमान दोनशे हवं तिथं सत्तरही नव्हतं.

उपचाराचं बोलणं निघालं तेव्हा अक्कानं आधीच सांगून टाकलं, "दूध मी घेणार न्हाय हां. आत्ताच सांगतो."

"घेऊ नका. सुईनं देऊ. दुधानं एवढी तूट भरायचीही नाही."

"त्यात कुणाचं मांस-हाड?"

"नाही मावशी. कारखान्यात सूक्ष्म जंतूंकडून करून घेतात. हे जीवनसत्त्व माणसाला करता येत नाही, झाडाला येत नाही, म्हशीलासुद्धा येत नाही. तिच्या पोटातले जंतू करतात, तेच दुधात उतरतं."

अक्कानं विचार केला. "म्हंजे शेवटाला जंतूच की."

"जंतूच."

"मग म्हशीचं नाव उगंच झालं." डॉक्टरीणबाई खुर्चीत मागं रेलून हसल्या. अक्का मात्र गंभीर होती. थोड्या वेळानं म्हणाली, "औषधाला सूट ठेवूनच नियम घेतलता मी. टोच."

घरी येताना रिक्षात मी विचारलं, "का सोडलंस?"

"सोडलं."

"कधी?"

"तू दवाखान्यात पडून व्हतास तवा." आणि मग, रिक्षाच्या आवाजात तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं म्हणून असेल, तिनं सगळं सांगितलं. मी बेशुद्धीच्या काठावर होतो. डॉक्टर काही सांगत नव्हते. गावातल्या मंदिरात त्या वर्षी चातुर्मासाला एक मुनिमहाराज होते. ती एक दिवसासाठी गावी गेली आणि त्यांच्यासमोर नियम घेऊन आली, भाऊ उठून बसला तर जन्मभर दूध आणि दुधाचं सगळं सोडीन. "जे आवडतं तेच सोडायचं असतंय. कारलं सोडून काय उपेग?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून? तू चार पुस्तकं काढून मला वाचून दाखवत बसला असतास."

"आणि त्या पहिल्या डॉक्टरांना? मी भरपूर म्हणालो तेव्हा?"

ती बाहेर बघत म्हणाली, "तू कसल्या हौसेनं सांगत व्हतास रं. मधी कशाला तोंड घालायचं, म्हटलं."

रिक्षावाल्यानं मान वळवली. "पावणं, कितवी गल्ली?" मला आमची गल्ली आठवेना. अक्कानं सांगितली.

त्या संध्याकाळी मी म्हणालो, आता मी बरा आहे, तेरा वर्षं झाली, महाराजांना विचारून नियम सोडवून घेऊ. ती म्हणाली, नियम काय चप्पल आहे का, पायातनं कधी गेली कळलं नाही म्हणायला. मग मी म्हणालो, तर मीही दूध सोडतो. तेव्हा मात्र ती चिडली. इतकी चिडलेली मी तिला पूर्वी पाहिली नव्हती. "मग माझ्या नियमाचं झालं काय? तू उठावास, पोटभर प्यावास, म्हणून सोडलंय मी. आता तूबी सोडणार, म्हंजे म्हशीनं काय करायचं?" आणि माझ्या हातात कपभर दूध देऊन, मी संपवेपर्यंत उभी राहिली.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड सुई होती. मग आठवड्याला, मग महिन्याला, आणि ती कायमची. फॉलिक ॲसिड डॉक्टरीणबाईंनी चालू ठेवलं, पण आता या सुईच्या जोडीनं. सुधारणा ज्या क्रमानं झाली तो मला पाठ आहे. आधी जीभ. दहाव्या-बाराव्या दिवशी अक्कानं स्वतः खर्डा वाटला आणि डोळ्यांत पाणी आणत खाल्ला. मग भूक. मग विसराळूपणा कमी झाला, म्हणजे माझ्या जुन्या चुका तिला पुन्हा आठवायला लागल्या. रक्त दोनेक महिन्यांत पूर्ण भरलं. पाय सगळ्यात मागं राहिले. "रक्ताला घाई असते, सर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नसांना नसते. आणि जेवढं वाळलंय तेवढं सगळं परत येईलच असं मी सांगणार नाही."

मी एक गोष्ट केली. प्राचार्यांना विचारून ग्रंथालयातून पाचला निघायला लागलो. सकाळी तासभर लवकर जायचो. दिवस मावळायच्या आत घरी पोचून अक्काबरोबर जेवायला बसायला लागलो. उन्हाळ्यात सोपं होतं. डिसेंबरात सूर्य सहाला बुडायचा आणि मी मोटरसायकलवरून त्याच्याशी शर्यत लावल्यासारखा यायचो. अक्का खिडकीत उभी असायची. "आलास? दहा मिनिटं हायत." आम्ही दोघं खिडकीशी पाट टाकून भराभर जेवायचो, उजेड ताटावरून सरकताना बघत. तिच्या ताटात भाकरी, उसळ, खर्डा, काकडी. माझ्या ताटात तेच आणि दह्याची वाटी. पहिल्या दिवशी मी ती वाटी बाजूला सरकवली. ती म्हणाली, "खा. बघायला बरं वाटतं."

रविवारी सकाळी मी तिला कळंब्याच्या तलावावर न्यायचो. बांधावरून ती पायांकडं बघत चालायची, नवीन चालणाऱ्या पोरासारखी. मी पुढं बघ म्हणायचो. ती म्हणायची, "पुढं बघितलं की पाय खाली हायत का गेल्यात कळंना." मग हळूहळू दहा पावलं पुढं बघून. मग पन्नास. दर तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई नादकाटा लावायच्या. एकदा गुडघ्याला वाजला. पुढच्या खेपेला नडगीच्या मध्यावर. अक्का त्याला "माझा वारा" म्हणायची, वारा कुठपर्यंत आला ते मला बोटानं दाखवायची. घोट्यावर तो आला पण बारीक, दूर कुठंतरी वाजतोय असा. डाव्या पायाच्या बोटांत शेवटपर्यंत आला नाही.

सव्वा वर्षानं, एका सकाळी, ती म्हणाली, "आज मंदिरात चल."

मी देवळात फारसा जात नाही. गेलो. ती नेहमीच्या जागी, खांबापासून हातभर दूर उभी राहिली. मी तिच्या मागं. ती म्हणाली, "धरायचं न्हाय. पडाय लागलो तरच." आणि तिनं डोळे मिटले.

मी दोन्ही हात तिच्या खांद्यांच्या मागं, चार बोटं अंतरावर धरून उभा राहिलो. ती किंचित डोलत होती. पुढं, मागं, पुढं. मी तिचे श्वास मोजत होतो. नऊ झाले. बारा झाले. आजूबाजूला लोक येत-जात होते, घंटा वाजत होती. सोळाव्या श्वासाला ती डावीकडं जरा जास्त गेली, माझे हात तिच्या लुगड्याला लागणार एवढ्यात परत आली. न वळता, डोळे न उघडता ती पुटपुटली, "हायस न्हवं?"

"हाय."

"धरलंयस?"

"न्हाय."

सत्तावीस पूर्ण झाले. तिनं डोळे उघडले, देवाला नमस्कार केला, अक्षता वाहिल्या आणि पायऱ्या उतरताना मला म्हणाली, "हात खाली घे की आता. सगळी बघायल्यात."

त्यानंतर आठ महिने ती रोज तशी उभी राहिली. मी रोज गेलो नाही. आता वाटतं जायला हवं होतं, काही कारण नसताना, नुसतं मागं उभं राहायला.

माघातल्या एका दुपारी ती जेवून आडवी झाली आणि उठली नाही. हृदय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. या आजाराशी त्याचा संबंध नव्हता, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. मी अजूनही एखाद्या दिवशी तिसऱ्यांदा विचारायला निघतो आणि गल्लीच्या टोकावरून परत येतो. त्यांच्या उत्तरावर माझा विश्वास आहे. मला बहुधा दुसरं काही विचारायचं असतं. ते एक वर्ष तिच्याकडून कुठं गेलं, असं काहीतरी. त्याचं उत्तर त्यांच्याकडं नाही. माझ्याकडं आहे.

मी अजून पाचलाच निघतो. दिवस मावळायच्या आत खिडकीशी बसून जेवतो. नियम म्हणून नव्हे, मला कुणी नियम दिलेला नाही. दुसऱ्या वेळेला आता भूकच लागत नाही. जेवताना कधीकधी आपोआप बोलतो, दहा मिनिटं हायत, म्हणून.

सुतक फिटल्यानंतरच्या सकाळी गवळी आला. तेरा-चौदा वर्षं तोच येतो. अक्काशी त्याचं रोजचं भांडण असायचं, दूध पातळ आहे, म्हैस नळावर बांधलीयेस का, असलं. मी दार उघडलं, पातेलं पुढं केलं. तो मापटं कॅनमध्ये तसंच धरून उभा राहिला.

"सर, आता अर्धा लिटर करू का?"

"नको. तेवढंच राहू दे."

"एकट्याला लिटरभर व्हतंय?"

"पहिल्यापासून एकट्यालाच येत होतं."

त्याला ते समजलं असेल असं वाटत नाही. मापटं भरून त्यानं ओतलं, आणि मग अक्का रोज भांडून घ्यायची तेवढं वरचं थोडंसं, न मागता, पातेल्यात घातलं. मी दार लावून आत आलो. पातेलं गॅसवर ठेवलं आणि दूध वर येईपर्यंत तिथंच उभा राहिलो.